अनध्यायाचा फाल्गुन

श्रीगजाननाला नमन असो. वाणीची अधिष्ठात्री जी शारदा, तिला नमन असो. आणि बालाघाटाच्या डोंगरावर बसून या साऱ्या उघड्या माळाकडे पाहणारी जी आमची तुळजापूरची आई, तिच्या चरणी मस्तक ठेवून हे चार शब्द लिहावयास घेतो. निमित्त लहान आहे. ईट गावच्या शिवारात यंदाही फाल्गुन लागला, ज्वारी काढणीला आली, रानात बाया उतरल्या, आणि माझे आसन डळमळू लागले.

एरवी सकाळची पूजा आटोपली की मी ओसरीवर तास-दीड तास स्थिर बसू शकतो. पंचाहत्तरीला टेकलेल्या देहाला देवाने एवढे स्वास्थ्य दिले आहे. फाल्गुनात मात्र ते राहत नाही. माळ बोटांत असते आणि कान शिवाराकडे लागलेले असतात. वाळलेली धाटे मुळासकट उपटताना जो एक कोरडा, कुरकुरणारा आवाज होतो, तो दोन शेते ओलांडून घरापर्यंत येतो. मी उठतो, अंगणात जातो, परत येतो, चष्मा शोधतो, आणि सापडल्यावर तो कशासाठी हवा होता हे आठवत नाही. आमच्या सौभाग्यवती सुपात धान्य पाखडता पाखडता म्हणतात, "तुम्हाला मुंग्या डसल्यात का? एका जागी बसा की जरा." मी बसतो. पुन्हा उठतो.

ही अस्वस्थता तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनात माझ्या अंगी शिरली. तिला कारण मीच आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचकाला पुढे कोणा दुसऱ्याचा राग यायला नको.

आमची सून अर्चना मूळची ढोकीची. उसाच्या गावची मुलगी; बोलणे मोकळे, हसणे त्याहून मोकळे. लग्नाआधी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली होती. संसारात पडल्यावर एम.ए.ला नाव घातले, मुलीच्या आजारपणात एक वर्ष वाया गेले, आणखी एक असेच गेले, आणि दुसऱ्या वर्षाचा लघुप्रबंध तेवढा राहिला. नोंदणीची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती. फाल्गुनात ठरलेल्या तारखेला प्रबंध दाखल झाला नाही, तर पहिल्या वर्षापासूनचे सगळे पाण्यात जाणार होते. हे घरात सर्वांना ठाऊक होते. मलाही होते.

तिने विषय सांगितला तो दिवस आठवतो. मी दुर्वा निवडीत होतो.

"आण्णा, माझा विषय मंजूर झाला. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कादंबऱ्यांमधलं सुतक."

"त्या लोकांत कुठलं आलं सुतक?" मी हसलो.

"तेच तर. लई कडक असायचं. आपण परवडलो."

मी संस्कृत शिकलो पाठशाळेत, आणि आयुष्यभर शिकवले शाळेत. इंग्रजीशी माझा संबंध तोंडओळखीचा. शिवाय हा सगळा निजामाचा मुलूख. ती राणी आमच्यापर्यंत पोहोचली ती फार तर एखाद्या सासुरवाशिणीच्या गळ्यातल्या राणीछाप रुपयांतून. तिच्या काळातल्या बायकांच्या काळ्या झग्यांशी ईटच्या घराला काय देणेघेणे, असे मला वाटले होते. पण अर्चनाची सांगण्याची रीत अशी, की मी दुर्वा निवडण्याचे विसरून ऐकत बसलो.

तिकडे विधवेने पहिले वर्षभर असे कापड नेसायचे की त्यावर उजेड पडला तरी चमकू नये. मग हळूहळू थोडी चमक चाले. त्यानंतर करडा रंग, मग फिका जांभळा. पत्राच्या कागदाला काळी किनार, आणि जसजसे दिवस जात तसतशी ती किनार अरुंद होत जाई. मृताच्या केसांची वेणी घालून अंगठीत बसवीत. घरच्या नोकरमाणसांनासुद्धा काळे चढवीत. आणि हे सारे नात्याच्या अंतरावर ठरलेले: नवऱ्यासाठी इतके, भावासाठी इतके, चुलत भावासाठी इतके. राणीने तर नवरा गेल्यावर उरलेले सारे आयुष्य काळ्या वस्त्रांत काढले. "आपण दिवस मोजतो," मी म्हणालो, "ते कापडाचा पोत मोजतात." अर्चनाने ते वाक्य लगेच वहीत उतरवून घेतले, आणि मला, खोटे कशाला बोलू, फार बरे वाटले.

त्या माघात आमचा एक नेम पडून गेला. सकाळी पूजा झाली की ती एखादे पान घेऊन ओसरीवर येई. त्या काळच्या लेखकांची वाक्ये अर्ध्या अर्ध्या पानाची. एका वाक्यात पाऊस, गाडी, मेलेला काका आणि त्याचे मृत्युपत्र. ती गोंधळे. मी तिला आमच्या पाठशाळेची रीत सांगितली. वाक्य कितीही लांब असो, आधी क्रिया धरायची. मग तिला विचारायचे, करतो कोण? काय? कशासाठी? केव्हा? एकेक पद आपणहून येऊन जागेवर बसते. काव्ये आम्ही अशीच लावली होती. ती इंग्रजी वाक्याला तसेच प्रश्न विचारू लागली, आणि वाक्ये उलगडू लागली. "आण्णा, आमच्या मॅडमला हे सांगितलं," एकदा म्हणाली, "त्या म्हणाल्या, तुमच्या सासऱ्यांना कॉलेजात पाठवा." सौभाग्यवती आतून ओरडल्या, "पाठव, पाठव. तेवढीच घरात शांतता."

आज वाटते, ते सुख फार झाले होते. कोणीतरी आपल्याला विचारते, आणि आपण सांगितलेले प्रमाण मानते, याची जिभेला गोडी लागली होती.

फाल्गुन वद्य लागले आणि एका सकाळी माकणीहून फोन आला. माझा चुलत भाऊ भास्कर वारला. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. आम्ही दोघे एकाच पाठशाळेत, एकाच पंगतीला वाढलो. पुढे आजोबांच्या देवघराची वाटणी झाली आणि शाळिग्राम कोणाकडे राहावा यावरून आमचा अबोला पडला. शाळिग्राम माझ्याकडे आला, भास्कर गेला. चौदा वर्षे आम्ही एकमेकांच्या दारी गेलो नव्हतो. बातमी ऐकून मी डोक्यावरून स्नान केले, देवाची पूजा शेजारच्या परगोत्री जोशांकडे सोपवली, आणि घरात सांगितले की दहा दिवसांचे सुतक आहे. डोळ्यांत पाणी आले नाही. आले नाही याची नोंद तेवढी मनाने घेतली आणि ती बाजूला ठेवली.

अर्चना दारात उभी होती. हातात वही. तिच्या मनात बाराव्या दिवशी येणारी तारीख होती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"आण्णा, सुतकात मला लिहायला चालंल का?"

मी एकच शब्द उच्चारला. "अनध्याय."

तिने पुन्हा विचारले नाही. वही, पुस्तके, छापील कागद असे सगळे तिने एका धुतलेल्या लुगड्यात बांधले आणि गाठोडे माळ्यावर ठेवले. लॅपटॉप कपाटात गेला. इतक्या निमूटपणे, की मला माझ्या शब्दाचे वजन जाणवले आणि त्या वजनाने मी आत कुठेतरी सुखावलो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. अनध्याय म्हणजे अध्ययनाला सुट्टी. अष्टमी, चतुर्दशी, पर्वाचे दिवस, अवेळी मेघ गरजले तर तो दिवस, आणि सुतक. या काळात वेद म्हणायचा नाही, नवा पाठ घ्यायचा नाही. पण हा निर्बंध वेदापुरता. अनध्यायाच्या दिवशी आमचे गुरुजी आम्हाला मोकळे सोडीत नसत. ते म्हणत, आज वेद नाही ना, मग आणा काव्य, आणा व्याकरण. अकराव्या वर्षापासून मी हे जाणतो. वेदांगालासुद्धा जो नियम लागत नाही, तो सातासमुद्रापलीकडच्या कादंबऱ्यांना कुठून लागणार?

मला हे त्या क्षणी आठवले नाही, असे लिहिता आले असते. त्या क्षणी नाहीच आठवले. सवयीने शब्द निघून गेला. पण त्याच दिवशी, उन्हे कलताना, अंगणात येरझाऱ्या घालता घालता ते लख्ख आठवले. मी थबकलो. आत जाऊन सांगावे असे वाटले. भावकीतली दोन माणसे भेटायला आलेली होती. ती उठली की सांगू, असे ठरवले. ती उठली. मग उद्या सांगू, असे ठरवले.

असे मी सहा दिवस ठरवीत होतो.

पूजा नाही, संध्या मनातल्या मनात, हाताला काही काम नाही, अशा माणसाचे दिवस कसे जातात हे भोगल्यावाचून कळत नाही. मी खुंटीवरची पिशवी काढायचो आणि परत अडकवायचो. देवघराच्या बंद दारापाशी जायचो आणि मागे फिरायचो. अर्चना सडा घालीत होती, गोठ्यातले शेण काढीत होती, धुणी धूत होती, बिनफोडणीची आमटी करीत होती. तिचे ओठ मधूनच हलत. काय पुटपुटतेस असे सासूने विचारले, तर म्हणाली, "काही नाही हो आई. चौथ्या प्रकरणाची पहिली ओळ. विसरंल म्हणून घोकून बघते." सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी सोप्याकडे पाहिले.

तिसऱ्या दिवशी तिच्या मार्गदर्शक बाईंचा फोन आला. मी ओसरीवरच होतो.

"नाही मॅडम, थांबलंय सगळं. सुतक आहे घरात... हो, चौथं प्रकरण अजून व्हायचंय... माहितीय मॅडम, तारीख पुढं जात नाही... नाही, नाही, आण्णांनी सांगितलंय. त्यांना शास्त्र कळतं."

त्यांना शास्त्र कळतं. एखाद्याने डोक्यावर अक्षता टाकाव्यात आणि त्यांत खडे निघावेत, तसे ते शब्द मला लागले. तरी मी बसून राहिलो. कारण आता सांगणे म्हणजे, आज आठवले, असे खोटे सांगणे. किंवा परवाच आठवले होते, असे खरे सांगणे. दिवसागणिक ते खरे अधिक कुरूप होत चालले होते.

सहाव्या दिवशी घरात बसवेना म्हणून रानात गेलो. काढणी चालूच होती. सुतक असो की सोयर, वाळलेली ज्वारी कोणासाठी उभी राहत नाही. कणीस चुरले की दाणा मातीत जातो. लिंबाच्या सावलीत बायांची न्याहारी चालली होती. शेवंताबाई, जी तीस वर्षे आमच्या रानात राबते आहे आणि जिच्या तोंडाला माझे वडीलही भीत असत, तिने भाकरीचा तुकडा मोडता मोडता मला पाहिले.

"या आण्णा. सुतक हाय म्हनं तुमच्यात?"

"आहे."

"अन् ज्वारी काढाया चालतीया?"

"ज्वारी थांबत नाही बाई."

"व्हय की. ज्वारी थांबत न्हाय." तिने मिरचीचा खर्डा बोटाने चाटला. "अन् अर्चनाबाईची परीक्षा थांबती व्हय?"

 इतर बाया हसू दाबून खाली बघू लागल्या.

"म्या अडाणी बाई, मला शास्तर ठावं न्हाय. पर शेणघाण काढाया सुतक न्हाय, धुनं धुवाया सुतक न्हाय, ज्वारी उपटाया न्हाय. वहीलाच तेवढं शिवतंय व्हय? भलतंच हुशार हाय बया तुमचं सुतक. बरूबर जागा बघून बसलंय."

आता बाया उघड हसल्या. मीही हसल्यासारखे केले आणि बांधाबांधाने घरी परतलो. दोनदा वाट चुकलो. ज्या रानात जन्म गेला त्या रानात.

सातव्या दिवशी सकाळी अर्चना परसात भांडी घाशीत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"अर्चना, उठ. पुस्तकं काढ."

तिने वर पाहिले.

"अनध्याय वेदाला असतो. तुझ्या अभ्यासाला नाही."

"म्हणजे... चालतं?"

"चालतं. पहिल्या दिवसापासून चालत होतं."

तिच्या हातातले पातेले राखेने माखलेले होते. ते तिने विसळले, पालथे घातले, हात पुसले. मग विचारले, "तुम्हाला कधी आठवलं, आण्णा?"

येथे मला एक पळवाट होती. तुळजाईने ती घेऊ दिली नाही. "पहिल्या दिवशी. संध्याकाळी."

"सहा दिवस झाले, आण्णा."

एवढेच म्हणाली. ओरडली असती तर मला सोसले असते. ती आत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. सौभाग्यवती मात्र पदर खोचून बाहेर आल्या. "मी त्या पोरीला वर्तमानपत्राचा कागदसुद्धा वाचू दिला नाही तुमच्या शब्दावर. सहा दिवस तोंडात काय धरलं होतं?" मी म्हणालो, "अहंकार." त्या म्हणाल्या, "मग थुंका आता, आणि चहा ठेवा. तिला उठायला लावू नका."

सत्तरी उलटलेल्या हाताने मी प्रथमच चहा केला. साखर आणि मीठ यांच्या बरण्या आमच्या घरी सारख्याच आहेत, हे त्या दिवशी कळले. दुसरा पेला नीट झाला. पुढचे पाच दिवस मी नातीची वेणी घालायला शिकलो, गाईला वैरण टाकली, दारी आलेल्यांना दारातूनच परतवले. सुतकात लोक तसेही थांबत नाहीत; त्याचा तेवढा उपयोग झाला. अर्चना माजघरात लिहीत होती. मी मधून मधून उंबऱ्याशी जाई. ती वर पाहत नसे. यंत्रावरची तिची बोटे पावसाने पत्रा वाजवावा तशी वाजत.

एका दुपारी तिने आपणहून हाक मारली. मला वाटते, दुसरे कोणी ऐकायला नव्हते म्हणूनच. "आण्णा, हे ऐका जरा. नीट लागतंय का सांगा." आणि तिने चौथ्या प्रकरणातला एक परिच्छेद मराठीत सांगितला. त्या देशातला पुरुष, घरात मृत्यू झाला की, दंडाला काळी फीत लावी आणि थोड्याच दिवसांत कचेरीत जाऊन बसे. त्याच्या घराण्याचा शोक मात्र दिसला पाहिजे, म्हणून तो बायको, बहीण, सून यांच्या अंगावर नेसवला जाई. कधी न पाहिलेल्या सासरच्या माणसासाठीही बाई काळी होई, दाराआड बसे, गाणे-वाचणे सोडी. तिचा शोक खरा की खोटा हे कोणी विचारीत नसे. शोक पुरुषाचा, त्याचे ओझे तिचे.

"लागतंय का?" तिने विचारले.

"लागतंय," मी म्हणालो.

मी अंगणात आलो. भास्करसाठी माझ्या डोळ्यांतून टिपूस गळले नव्हते. चौदा वर्षांच्या अबोल्यापुढे काय रडायचे, हे मला उमजले नव्हते. आणि तरी घरात कोणीतरी शोक करीत असल्याचे दिसायला मला हवे होते. मी तो सुनेच्या अंगावर नेसवला होता. तिने भास्करला एकदाही पाहिले नव्हते. शास्त्राचे नाव त्याला मी दिले होते. हे तिने मला उद्देशून लिहिले नव्हते. तो परिच्छेद तिच्या मनात माघापासून तयार होता. तिच्या परिच्छेदात मी आपण होऊन चालत गेलो होतो.

बाराव्या दिवशी माझा मुलगा श्रीकांत तिला मोटारसायकलवरून आधी भूमला बांधणीसाठी आणि तिथून धाराशिवला घेऊन गेला. कार्यालय बंद व्हायच्या आत प्रबंध दाखल झाला. चौथे प्रकरण मात्र आधीच्या कोणत्याही प्रकरणाच्या निम्मेही नव्हते. पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच विचारले: सर्वांत महत्त्वाचे प्रकरण इतके तोकडे का? "घरात सुतक होतं, सर," ती म्हणाली. त्यांनी सहानुभूतीने मान हलवली. हे तिने घरी येऊन सांगितले तेव्हा हसत होती, आणि मला कुठे बघावे ते कळत नव्हते.

ती उत्तीर्ण झाली. परंतु प्राध्यापकीच्या पात्रतेला जेवढी टक्केवारी लागते, तिच्या किंचित अलीकडे राहिली. एक प्रकरण पुरते झाले असते तर काय झाले असते, याचा हिशेब मला कोणी दिला नाही. पण तो मांडता येतो. आज ती भूमच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. मुले तिच्यावर जीव टाकतात. लांब वाक्य आले की फळ्यावर आधी क्रिया लिहायला लावते, असे नात सांगते. माझ्याशी वागण्यात काडीचाही फरक नाही. चहा वेळेवर, औषध वेळेवर, चेष्टा वेळेवर. एवढेच की त्या फाल्गुनानंतर तिने मला, हे चालते का, ते चालते का, असे कधी विचारले नाही. ग्रहण आले, पर्व आले, एकदा सोयर आले. मी ओसरीवर उत्तर घेऊन बसलो होतो. ती शेजारून वही घेऊन निघून गेली. तिचे बरोबरच आहे. तरी फाल्गुनात मला बसवत नाही.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. प्रबंध दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, भास्करच्या तेराव्याला, मी एकटाच माकणीला गेलो. चौदा वर्षांनी. धरणाच्या पाण्यावरून येणारा गार वारा, अंगणात मांडव, भावकी सारी जमलेली. पंगत बसली. माझ्या शेजारी आमच्यातले सर्वांत वृद्ध विनायकराव होते. वाढणे चालू असताना ते साऱ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुतक पाळावं तर आण्णांच्या घरी. सून एम.ए. करती, पण सुतक म्हटल्यावर पुस्तकाला बोट लावलं नाही म्हणे. आजकालच्या पोरींनी शिकावं."

माना हलल्या. "याला म्हणतात वळण," कोणीतरी म्हणाले. माझ्या पानावर पुरण वाढले जात होते. गप्प राहिलो असतो तर ती स्तुती माझ्या घरावर कायमची बसली असती. आणि पुढे कोणा कोणाच्या सुनांच्या वह्या त्या एका उदाहरणाने माळ्यावर गेल्या असत्या. मी हात पानावरून मागे घेतला.

"विनायकराव, ते वळण नव्हतं. ती माझी चूक होती. अनध्याय वेदाला असतो, पोरीच्या परीक्षेला नसतो. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून मी सहा दिवस बोललो नाही. तिचं नुकसान होणार आहे, आणि ते मी केलं आहे."

 मग टोकाकडून एक जण म्हणाला, "म्हणजे आण्णा, आम्ही चोरून पेपर वाचला, ते पाप न्हाय म्हणायचं?" हशा पिकला. विनायकराव मात्र हसले नाहीत, ते म्हणाले, "एवढ्या माणसांत बोलायचं काय अडलं होतं?" मी म्हणालो, "एवढ्या माणसांतच अडलं होतं."

तेव्हा आतल्या दाराशी बसलेली भास्करची पत्नी सुमन बोलली. तेरा दिवसांत तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता म्हणतात.

"भावजी, हे असते तर आज लई हसले असते."

सारे तिच्याकडे वळले.

"दर सणाला म्हणायचे, आमच्या थोरल्याएवढं शास्त्र कुणाला कळत न्हाय, फक्त बोललेलं मागं घ्यायला त्याला लई वेळ लागतो. म्हणायचे, येईल, वेळ लागंल पण येईल. एक पान जास्तीचं मांडून ठेवायचे दिवाळीला. चौदा वर्षं."

मी उठलो. पानावरून असे उठू नये, हे मला ठाऊक आहे. मांडवाच्या मागे हात धुण्याचा रांजण होता. तिथे जाऊन तोंडावर पाणी घेतले; घेतले आणि पुन्हा घेतले, आणि ओंजळ रिकामी झाली तरी चेहरा ओला होतच राहिला. दहा दिवस मी पाळायचे ते सारे पाळले होते. भास्कर गेला, हे मला तेराव्या दिवशी कळले.

वाचकहो, आपल्या घरावर जगदंबेची कृपा राहो. आपल्या घरातला प्रत्येक जण आपले दुःख आपल्या डोळ्यांनी रडो. ते वाहायला दुसरे कोणी लागू नये. ज्यांच्याशी बोलणे राहिले आहे, ती माणसे आयुष्मान असोत, आणि आपली पावले वेळेत त्यांच्या दारी पोहोचोत. आणि आपल्या लेकीसुना, शिकत असतील त्या शिकत राहोत. इति शुभं भवतु.